संगणक सुरू व्हायला इतका वेळ का लागतो?

धर्माबादला आमच्या शाळेत संगणकाची तासिका 35 मिनिटांची. बटण दाबल्यापासून मुले कामाला लागेपर्यंत त्यातली सात मिनिटे जात. यंत्रे जुनी झाली, भंगारात काढा, असे बहुतेकांचे मत पडले. त्याआधी एकदा घड्याळ लावून पाहू या, असे ठरवले.

बटण दाबताच बायोस हा मदरबोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि रॅम, कळफलक, डिस्क ठीक आहेत का ते तपासतो. वीज बंद होताच रॅम कोरी झालेली असते. म्हणून विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली डिस्कवरून पुन्हा रॅममध्ये आणावी लागते, हा दुसरा टप्पा. पडद्यावर चित्रे दिसली की काम संपले असे आपल्याला वाटते, पण मागे इतर प्रोग्रॅम उघडतच असतात. हा तिसरा टप्पा. सातवीच्या मुलींनी तिन्हींची वेळ वेगवेगळी मोजली: 20 सेकंद, 2 मिनिटे आणि 4 मिनिटे 40 सेकंद. म्हणजे खरा गोंधळ शेवटी होता.

एका यंत्राचा मात्र पहिलाच टप्पा दीड मिनिटाचा निघाला. मागच्या बाजूला कोणाचा तरी पेनड्राइव्ह राहिला होता आणि बायोस आधी त्यातच कार्यप्रणाली शोधत बसे! रोज तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डावरचा बटण-सेल संपला असे समजावे.

तिसऱ्या टप्प्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. विंडोज 8 पासून पुढे टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' हा विभाग आहे. आपोआप उघडणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. आमच्याकडे प्रिंटरचे मदतनीस, गप्पांचे प्रोग्रॅम असे अकरा निघाले. नको ते बंद केले; ते पुसले जात नाहीत, फक्त न बोलावता येत नाहीत. विषाणूरोधक तेवढा राहू द्यावा. तीन मिनिटे वाचली.

उरलेली चार कुठे जात होती? डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला 8.3 मिलिसेकंद. हवी ती जागा वाचक-टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, सुमारे 4 मिलिसेकंद. टोक योग्य वर्तुळावर सरकायला साधारण 9. एकूण 13, म्हणजे सेकंदाला जेमतेम 75 ठिकाणे. विखुरलेले दहा हजार तुकडे वाचायचे तर दोन मिनिटांहून अधिक! आमच्या मोंढ्यात एकाच हमालाला दहा हजार पोत्यांतून एकेक मिरची आणायला सांगावे, तसेच हे. त्यात रॅम अपुरी असली की संगणक डिस्कलाच जादा रॅम म्हणून वापरतो, आणि हमालाच्या खेपा आणखी वाढतात.

एसएसडीमध्ये तबकडीही नाही आणि सरकणारे टोकही नाही. एक तुकडा सुमारे 0.1 मिलिसेकंदात मिळतो, म्हणजे दहा हजारांना एक सेकंद. एका यंत्रात ती बसवून पाहिली. जुन्या डिस्कमधून टक-टक आवाज येत होता, तो ती मरायला टेकल्याची खूण असू शकतो, म्हणून आधी मुलांच्या कामाची प्रत काढून घेतली. नंतर पुन्हा घड्याळ लावले: 50 सेकंद. प्रोसेसर तोच, रॅमही तीच. भंगाराची यादी सध्या मुख्याध्यापकांच्या खणात आहे.