जखम खरी, नोंद चुकीची : माजी सैनिक सभासदांसाठी



ज्या गावातला कोणीच पलटणीत गेला नाही, असे गाव आपल्या कार्यक्षेत्रात विरळाच. १९६५ व १९७१ ला लढून आलेले कित्येक जवान आज घरच्या उसात लक्ष घालून आहेत. एखाद्याच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा अजून आहे, पण कागदावर मात्र 'पडून जखमी' असे लिहिलेले. ऊस आडसाली आणि नोंद खोडव्याची, असे झाले म्हणजे तोडीच्या वेळी काय होते ते आपणांस सांगायला नको. तसेच हे.

शत्रूच्या कारवाईत झालेली ती युद्धजखम. ड्यूटीवर अपघाताने झालेली ती साधी सेवाकालीन जखम. पेन्शन दोहोंना आहे, हिशेब मात्र वेगळा. जखमेपायी सैन्यातून कमी केलेल्या जवानाचा शेवटचा पगार १०० रुपये धरा, पेन्शनच्या हिशेबात घेतलेले अपंगत्व ५० टक्के धरा. साध्या जखमेला अपंगत्वाचा भाग बसतो १५ रुपये, युद्धजखमेला ५०. सेवेचा भाग निराळा. एका शब्दापायी एवढा फरक!

चूक होते कशी? जवान इस्पितळात, पलटण पुढे गेलेली. पलटणीने जखमेचा अहवाल करून 'पार्ट टू ऑर्डर' काढायची असते. ती राहिली किंवा त्यात नुसते 'इजा' एवढेच पडले, की पुढचे मेडिकल बोर्ड तेच उतरवून घेते. जवान म्हणतो, जीव वाचला हेच पुष्कळ. आणि सही करून घरी येतो.

दुरुस्तीचा अर्ज आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलेला बरा. आधी माहितीच्या अधिकारात (कायदा २००५) आपल्या सेवेच्या व मेडिकल कागदांच्या नकला मागवाव्यात. त्या वेळचा इस्पितळाचा कागद सर्वांत वजनदार. सोबत्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे, पण नुसत्या त्यावर विसंबू नये. ज्यांना पेन्शन नाही त्यांची सेवापत्रे २५ वर्षांनी नष्ट करतात, हे आमच्या मते सर्वांत वाईट. तेव्हा घरच्या पेटीतली जुनी चिठ्ठीही टाकू नका.

रेकॉर्ड ऑफिसने नाकारले तर अपील आहे. तेथेही नाही झाले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांची मुदत असते. मात्र पेन्शनचे नुकसान दर महिन्याला चालू राहते, म्हणून उशीर झालेली प्रकरणेही ऐकली जातात. थकबाकी बहुधा मागच्या तीन वर्षांचीच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालापासून चालत आले आहे. म्हणजे बसून राहिलेले प्रत्येक वर्ष खिशातून जाते.

मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, झेरॉक्सवर काम चालवावे. अर्ज लिहून हवा असेल त्यांनी कारखान्याच्या सभासद विभागात यावे. येताना डिस्चार्ज बुक तेवढे आणावे.