चाळिसावा हिस्सा

मुंबई-नाशिक महामार्गाच्या आश्रयाने भिवंडी तालुक्यातील माणकोली, दापोडे, राहनाळ, पूर्णा ही एकेकाळची भातखाचरांची गावे आज गोदामांची पेठ बनली असून, मुंबईकराने रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मोबाइलवर मागविलेले चौथे घड्याळ किंवा सातवा जोडा दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी येतो, तो पुष्कळदा येथूनच. चैनीच्या वस्तूंचे एवढे मोठे कोठार ज्या तालुक्यात आहे, तेथेच वीटभट्टीवर राबणारे कातकरी कुटुंब पावसाळ्याच्या बेगमीसाठी मालकाकडून उचल घेते आणि पुढचा सबंध हंगाम ती फेडण्यात घालविते.

खर्च करणे हे पाप नव्हे. जमीन विकून अथवा गोदाम भाड्याने देऊन हाती पैसा आलेल्या मनुष्याने मुलाच्या लग्नात हात सैल सोडला, तर त्यास कोण दोष देईल? परंतु हळदीच्या एका रात्रीचा थाट प्रत्यक्ष लग्नालाही मागे टाकू लागला, म्हणजे तो खर्च घरच्या आनंदासाठी न राहता शेजाऱ्याच्या नजरेसाठी होतो. आणि ज्याची ऐपत नाही असा शेजारीही लोकलज्जेस्तव दागिने गहाण टाकून त्याच वाटेने जातो. येथील आगरी समाजातील जाणत्यांनीच हळदीच्या उधळपट्टीस आळा घालण्याची भाषा उघडपणे सुरू केली आहे, ती याच कारणाने.

लग्नाचे कर्ज मनुष्यास कोठवर नेते, याची साक्ष ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे. लग्नापुरती थोडी रक्कम सावकाराकडून घ्यावी आणि तिच्या मोबदल्यात वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबावे, अशा आदिवासीस येथे ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ पासूनच्या वारल्यांच्या लढ्यात गोदावरी परुळेकरांनी या प्रथेवर घाव घातला. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. तरीही १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, ती याच जिल्ह्यातील वेठबिगार सोडविण्याच्या कार्यातून.

अशा कर्जातून माणसास सोडवू शकणाऱ्या दानाचा एक शहाणा हिशेब भिवंडी शहरातील मुसलमान वस्तीत दरसाल पाहावयास मिळतो. गरजा भागून साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतका ऐवज ज्याच्यापाशी वर्षभर शिल्लक राहिला, त्याने त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून काढावयाचा; बहुतेक लोक तो रमजानात काढतात. येथे दान दात्याच्या लहरीवर किंवा याचकाच्या काकुळतीवर अवलंबून नाही. हिस्सा ठरलेला, मुदतही ठरलेली. ज्यांना जकात द्यावयाची त्या आठ वर्गांत कर्जबाजारी आणि दास्यात अडकलेला मनुष्य यांचीही गणना आहे, हे लग्नगड्यांच्या जिल्ह्यात विशेष ध्यानात घेण्याजोगे होय.

सरकारनेही २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी निव्वळ नफ्याच्या शेकडा दोन इतकी रक्कम समाजकार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले आहे. गृहस्थावर असा कायदा नाही, आणि नसावाही. परंतु उरले तर देऊ म्हणणाऱ्यापाशी कधीच काही उरत नाही, हा सार्वत्रिक अनुभव असल्यामुळे दानाचे कलम जमाखर्चात चैनीच्या कलमाआधी मांडणे हाच त्यावर उपाय आहे. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी मंडप आणि वाजंत्री यांचा बयाणा देण्यापूर्वी एकूण खर्चाचा चाळिसावा हिस्सा बाजूस काढावा आणि तालुक्यातील एखाद्या कातकरी कुटुंबाकडे पावसाळ्याची बेगमी ज्येष्ठातच पोहोचवावी, म्हणजे त्याच्यावर उचल घेण्याची पाळी येणार नाही.