जुनी जीप घेताना रंग पाहू नका, चासी पाहा

भाताची मळणी आटोपली आणि हातात चार पैसे आले की शेतकऱ्याच्या घरात बेत सुरू होतात. कुणाला घराची कौले बदलायची असतात, कुणाला बोअर मारायची असते. आमच्या घरात मात्र विषय निघाला जुन्या जीपचा. मुलाने मोबाईलवर फोटो दाखवला. लालभडक रंग, रुंद टायर, पुढे चार-चार दिवे.

"बाबा, घ्यायची तर हीच!"

मी फोटो नीट पाहिला आणि विचारले, "खालून काढलेला फोटो आहे का?"

त्याला हसू आले. मला आले नाही. कारण पूर्वी एकदा मी अशीच रंगवलेली जीप घेतली होती. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर, लग्नाहून परत येताना, मागच्या बाजूला मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला कलली. पाट्याचा हँगर चासीतून सुटून आला होता. मागे घरची लहान मुले बसली होती. वेग कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावले. खाली वाकून पाहिले तर काळ्या रंगाच्या आत चासीचे लोखंड पापडासारखे झाले होते. तो दोष विकणाऱ्यावर ढकलून काय उपयोग? न पाहता घेतली ती मीच. तेव्हा या वेळी जे पाहिले, जे विचारले, ते सर्व शेतकरी बंधुभगिनींसाठी येथे देत आहे.

पैलवान गाड्यांची हौस

जुन्या दणकट गाड्या हुडकून त्या पूर्वीसारख्या करण्याची हौस जगभर आहे. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक कंपनीने जीटीओ नावाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवलेले. तेव्हापासून अशा गाड्यांची तेथे लाटच आली. त्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणू. आपल्याकडे खेड्यापाड्यात त्या कधी आल्या नाहीत. आपला पैलवान म्हणजे जीप. चिखलातून जाणारी, भाताच्या गोणी वाहणारी, वेळप्रसंगी आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवणारी.

तिचे मूळही अमेरिकेतलेच. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. पुढे महिंद्र कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-३बी ही त्यातली सर्वांच्या ओळखीची. बॉनेट उंच करावे लागले, कारण तिच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर होते. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली. नंतर डिझेल जीपा आल्या. त्यांतली एमएम ५४० ही १९८० नंतरच्या दशकातली. तिला प्यूजो जातीचे डिझेल इंजिन आहे.

यांपैकी कोणती घ्यावी? घरची कामे करून हौस भागवायची असेल तर डिझेलची बरी. तिला पेट्रोल जीपेपेक्षा खर्च कमी येतो. सणावाराला काढायची, जपून ठेवायची असेल तर मूळ पेट्रोल इंजिनाची सीजे-३बी शोधावी. मात्र कोणतीही घ्या, पाहण्याचा क्रम एकच: आधी कागद, मग चासी, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी पत्रा व रंग.

कागदाशिवाय पाऊल नको

आरसी पुस्तकावरचा चासी नंबर चासीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. नंबराभोवती नवे वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा जाड रंग दिसला तर तेथूनच परत फिरावे. इंजिनाचा नंबरही जुळला पाहिजे. अनेक पेट्रोल जीपांना मागाहून डिझेल इंजिन बसवलेले आहे. तसे असेल तर आरसीवर 'डिझेल' अशी नोंद आणि नव्या इंजिनाचा नंबर असायलाच हवा. सरकारी लिलावातली गाडी असेल तर लिलावाचे कागद आणि त्यानंतरची नोंदणी दोन्ही मागावेत.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे गाडी तपासून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढवली गेली. पर्यावरण कर वेगळा. नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. हा सगळा आकडा आरटीओ कार्यालयात विचारून आधीच हिशेबात धरावा.

पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी आहे. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. गोणी वाहायच्या असतील तर त्या वाटेला जाऊ नये.

गोणपाट, हातोडी, लोहचुंबक, बॅटरी

गाडी पाहायला जाताना या चार वस्तू बरोबर घ्याव्यात. गोणपाट अंथरून गाडीखाली आडवे व्हावे. कपडे खराब होतील, होऊ द्यावेत. बॅटरीच्या उजेडात चासी पुढून मागपर्यंत पाहावी आणि हलक्या हातोडीने ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले भद्द वाजते. मागच्या पाट्यांचे हँगर, शॅकल, मागचा आडवा दांडा आणि बॉडी जेथे चासीवर बसते त्या जागा विशेष पाहाव्यात. चिखल तेथेच साचतो आणि ओल धरून ठेवतो.

आपल्या नवापूरसारख्या किनाऱ्यावर तर हे दुप्पट काळजीने पाहायला हवे. खारे वारे बारा महिने लोखंड खात असतात. घराच्या खिडकीच्या गजांची जी गत होते तीच चासीची. म्हणून शक्य असल्यास घाटावरची, कोरड्या मुलखातली गाडी शोधावी.

लोहचुंबक पत्र्यासाठी. जेथे तो चिकटत नाही तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे असे समजावे. पायाखालचा पत्रा आणि बॅटरीची बैठक बहुधा सडलेली असते. त्याने घाबरू नये. पत्रा बदलता येतो. चासी सडलेली असेल तर मात्र गाडी फुकट मिळाली तरी महाग.

इंजिन थंड असताना पाहावे

सांगून जायचे, पण सकाळी लवकर जायचे. बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागले तर आधीच चालू करून ठेवली आहे असे समजावे. थंड इंजिन चालू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑईल जळते आहे. काळा धूर राहिला तर डिझेल जास्त जाते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. या दुरुस्त्या होण्यासारख्या आहेत. फक्त त्यांचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. पुढचे गिअर मातीत लावून पाहावे, डांबरी रस्त्यावर नव्हे. या जुन्या जीपांची पुढची-मागची चाके डांबरावर एकमेकांना ओढतात आणि गिअरवर ताण येतो.

साधी दुरुस्ती म्हणजे कोणती?

आम्ही लाल गाडी पाहिली. रंग आरशासारखा, पण मागचा दांडा भद्द वाजला. नंतर घाटावर एक फिकट हिरवी, पत्र्याला भोके पडलेली, मडगार्ड चेपलेले अशी गाडी पाहिली. मुलाचे तोंड उतरले. पण नंबर जुळत होते, चासी खणखणत होती. तीच घेतली.

मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली. "गाडी सगळी एकदम खोलू नका. एक काम पुरे झाले की दुसरे." तसेच केले. पहिल्यांदा ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि टायर. म्हणजे थांबणे आणि वळणे. मग वायरिंग, कारण जुन्या उघड्या वायरीमुळे आग लागू शकते. मग रेडिएटर व पाण्याचे पाईप. त्यानंतर पत्रा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढावी आणि इंधनाची टाकी गाडीतून उतरवून दूर ठेवावी. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते, हे विसरू नये.

रंग शेवटी. गंज लोखंडापर्यंत खरवडून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वाळल्यावर इनॅमल लावले. घरच्या घरी, ब्रशाने. ब्रशाच्या रेघा दिसतात. दिसू द्याव्यात.

बोईसरला औद्योगिक वसाहतीमुळे लेथचे कारागीर आहेत. बाजारात न मिळणारे बुश तेथे करून घेता येतात. हा आपल्या भागाचा मोठा फायदा.

रुंद टायर, उंच पाटे, मनाला येईल ते इंजिन यांचा मोह टाळावा. कंपनीने केलेल्या मूळ बांधणीत कायद्याबाहेर जाऊन बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय उंच केलेली जीप वळणावर कलंडायला वेळ लागत नाही.

एवढे करून गाडी अंगणात उभी राहिली की काम संपले असे मात्र नाही. काही जण खालून जळके ऑईल फासतात. त्याने रबरी बुश फुगतात आणि माती चिकटून बसते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खालच्या बाजूने गोड्या पाण्याचा फवारा मारावा आणि चासीची पाणी निघून जायची भोके काडीने मोकळी करावीत. आमच्याकडे हे काम आता मुलाकडे आहे. रविवारी सकाळी गोणपाट अंथरून तो गाडीखाली शिरतो, हातोडीने ठोकून पाहतो आणि खालूनच ओरडून सांगतो, "बाबा, आवाज चांगला आहे!"

तो आवाज ऐकल्यावरच मी घरातल्या मुलांना मागे बसू देतो.