नावाचा दिवस आणि न बोलावलेले पाहुणे

बल्गेरियात वाढदिवसाला बोलावणं लागतं, नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवसाला, लागत नाही. कुठल्या नावाचा दिवस कधी, हे सगळ्यांना पाठ असतं. ज्याला यायचं तो येतो. घरच्यांनी टेबल मांडून वाट बघायची. सोफियात राहायला आल्यावर ही रीत मला लवकरच कळली, पण पाय उचलेना. न बोलावता कुणाच्या दारात उभं कसं राहायचं?

शेवटी एका ६ डिसेंबरला शेजारच्या आजींनी मला वरच्या मजल्यावरच्या निकोलांकडे ओढूनच नेलं. तो निकुल्देन, खलाशांचा आणि कोळ्यांचा कैवारी संत निकोलाचा दिवस. त्या दिवशी कार्प मासा हवाच. नाताळाआधीचा उपास १५ नोव्हेंबरपासून चालू असतो. मांस, दूध, अंडी बंद, पण निकुल्देनला माशाची मुभा. माशाच्या पोटात तांदूळ, कांदा, अक्रोड भरतात आणि तो कणकेच्या आवरणात गुंडाळून भाजतात. याला म्हणतात रिबनिक. भर समुद्रात जहाजाला भोक पडलं, तेव्हा संतानं जिवंत कार्प कोंबून ते बुजवलं, अशी कथा आहे. यजमानीणबाईंनी माशाच्या डोक्यातलं क्रुसाच्या आकाराचं हाड जपून बाजूला काढलं. पूर्वी ते तान्ह्या बाळाच्या टोपीत शिवत, दृष्ट लागू नये म्हणून. मग एक खवला पुसून नवऱ्याच्या पाकिटात सरकवला. पैसा टिकावा यासाठी. दृष्टीचा भाग मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

बोलावणं नसलं तरी रिकाम्या हातानं जात नाहीत. वाइनची बाटली चालते, फुलंही चालतात, फक्त ती विषम संख्येत हवीत. सम संख्येची फुलं मयताला नेतात.

ऑफिसात मामला उलटा. ज्याचा दिवस तोच चॉकलेटचा डबा घेऊन टेबलाटेबलापाशी फिरतो. आपण ‘चेस्तित इमेन देन’ म्हणायचं आणि एक उचलायचं. ७ जानेवारीच्या इव्हानोव्देनला डब्यांची रांगच लागते, कारण इव्हान हे गेओर्गीच्या जोडीनं देशातलं सर्वांत प्रचलित पुरुषी नाव. शिवाय इव्हान्का, योआना, याना याही त्याच दिवसाच्या. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत अजून आहे, त्यामुळे एकाच घरात दोघांचा सण एकदम येतो. हल्ली काही आईबाप नुसतं आद्याक्षर राखतात. आजोबा समजून घेतात, निदान तसं दाखवतात.

तारखांचा थोडा घोळ आहे. बल्गेरियन चर्चनं १९६८ मध्ये नवं कॅलेंडर स्वीकारलं. म्हणून इथला निकोला ६ डिसेंबरला येतो, तर शेजारच्या सर्बियात तो १९ डिसेंबरला. संत जॉर्जचा गेर्ग्योव्देन मात्र जुन्याच हिशेबानं ६ मेला राहिला, भाजलेल्या कोकरासकट. त्या दिवशी सैन्यदिनाची सार्वजनिक सुट्टीही असते. कम्युनिस्ट राजवटीला संतांचं कौतुक नव्हतं. पण लोकांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत काही तिचे हात पोचले नाहीत. १७ सप्टेंबरला व्यारा, नादेज्दा, ल्युबोव आणि सोफिया या नावांचा दिवस असतो आणि तोच राजधानीचाही सण.

ज्यांच्या नावाला संतच नाही, त्यांच्यातही फुलाझाडांची नावं असलेल्यांची सोय आहे. ईस्टरच्या आधीचा रविवार, त्स्वेत्नित्सा, हा त्यांचा: लिलिया, मार्गारिता, व्हिओलेता, यावोर. चर्चमधून विलोच्या आशीर्वादित फांद्या घरी आणायच्या आणि त्यांचं कडं वळून दारावर लावायचं. माझं जाई हे नाव फुलाचं आहे हे कळल्यावर आजींनी निकालच दिला, की मीही यातलीच. तेव्हापासून दारावर माझंही कडं असतं आणि ऑफिसात डबा न्यायची जबाबदारीही माझ्यावर येते. दिवस रविवारचा, म्हणून डबा सोमवारी. तो ईस्टरआधीच्या उपासाचा शेवटचा आठवडा; दुधाचं चॉकलेट कडक उपासवाल्यांना चालत नाही. आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की एकदा नेली, ती सगळ्यांना आवडली, पण दातांच्या तक्रारीही आल्या. आता गुलाबाचं लोकुम नेते, त्यात दूध नसतं आणि ते चावावंही लागत नाही. रविवारी संध्याकाळी घरी किती जण येतील याचा अंदाज मात्र अजून बांधता येत नाही. तेलातली बटाट्याची भाजी जरा जास्तच करून ठेवते.