लांबचं मोठं नाव की जवळचं कॉलेज? प्रवेशाआधी दूर करावेत असे काही गैरसमज

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचं पर्सेंटाईल हाती येतं आणि घराघरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला पुण्या-मुंबईचं किंवा राज्याबाहेरचं मोठं नाव हवं असतं. आईला वाटतं, महिन्यातून दोनदा तरी घरी येता यावं. वडील कागदावर आकडे मांडत बसलेले असतात. ज्यांची मुलं आधीच कुठेतरी लागली आहेत ते नातेवाईक ठामपणे सल्ले देतात. चार वर्षांचा आणि लाखो रुपयांचा प्रश्न असल्यामुळे वाद व्हायलाच हवा. अडचण एवढीच की तो बहुतेक वेळा ऐकीव गोष्टींवर चालतो. महाराष्ट्रात हा पेच सर्वांत जास्त घरांना इंजिनिअरिंगच्या प्रवेशावेळी पडतो, म्हणून इथली उदाहरणं मुख्यतः त्याच क्षेत्रातली आहेत.

‘मोठ्या नावाच्या कॉलेजात गेलं की पगारही मोठाच मिळतो’

सगळ्यांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच. मोठ्या संस्थांतले पदवीधर जास्त कमावतात हे खरं आहे. पण त्या संस्था मुळातच सर्वांत हुशार मुलं निवडून घेतात. मग ही कमाई संस्थेमुळे झाली की मुलामुळे?

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी नेमका हाच प्रश्न तपासला आणि 2002 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नामांकित कॉलेजांत प्रवेश मिळूनही जे विद्यार्थी कमी नामांकित कॉलेजात शिकले, त्यांची तुलना त्यांनी नामांकित कॉलेजात गेलेल्या तशाच विद्यार्थ्यांशी केली. दोन्ही गटांच्या पुढच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. याच अभ्यासात एक महत्त्वाचा अपवाद मात्र ठळकपणे पुढे आला. गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना नामांकित कॉलेजचा खरोखर फायदा झाला होता. पुढच्या अभ्यासात ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांच्या आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तेच आढळलं.

भारतातलं चित्र थोडं वेगळं आहे. शीतल सेखरी यांनी भारतातल्या कॉलेजांचा अभ्यास केला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. नामांकित सरकारी कॉलेजात कटऑफच्या जेमतेम वर राहिल्यामुळे प्रवेश मिळालेले विद्यार्थी आणि जेमतेम खाली राहिल्यामुळे हुकलेले विद्यार्थी यांची त्यांनी तुलना केली. नामांकित कॉलेजातल्यांना पगार जास्त मिळाला. पण अंतिम परीक्षेतले त्यांचे गुण काही जास्त नव्हते. म्हणजे आपल्याकडे नावाला किंमत आहे, पण त्या नावामागे जास्त चांगलं शिकवणं असेलच असं नाही. कंपन्या नाव पाहून येतात आणि दार उघडतं.

हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की माझं मत असं होतं: ज्या घरातलं मूल पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचतंय, ज्या घरात कंपनीत ओळख असलेला काका नाही, अर्ज कसा लिहायचा हे सांगणारं कुणी नाही, त्या मुलासाठी लांबची चांगली सरकारी संस्था फार मोलाची आहे. तिथले सोबती, वरच्या वर्गातले विद्यार्थी, माजी विद्यार्थ्यांचं जाळं हे सगळं त्याला घरून मिळणार नसतं. प्रत्यक्षात घडतं मात्र उलटं. ज्याला लांब जाण्याची सर्वाधिक गरज असते, त्यालाच ‘आपल्याला ते झेपणार नाही’ असं सांगून गावाजवळ ठेवलं जातं. आणि ज्या घरात सगळ्या ओळखीपाळखी आहेत, ते घर कर्ज काढून नावामागे धावतं.

बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या विद्यापीठाने त्यांना काय दिलं, हे ते आयुष्यभर कृतज्ञतेने सांगत राहिले. पुढे त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. मिलिंद महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. मराठवाड्यातल्या गरीब मुलाला उच्च शिक्षणासाठी सगळं सोडून दूर जावं लागू नये, हा त्यामागचा विचार. दूर जाण्याची संधी आणि जवळ चांगलं कॉलेज, समाजाला या दोन्हींची गरज असते.

‘गेल्या वर्षी तिथे चाळीस लाखांचं पॅकेज मिळालं’

मिळालं असेलही, पण कुणाला? जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा एका विद्यार्थ्याचा असतो. सरासरीही फसवते. दहा मुलांपैकी नऊ जणांना चार लाख आणि एकाला चव्वेचाळीस लाख मिळाले, तर सरासरी आठ लाख निघते. पण प्रत्यक्षात आठ लाख कुणालाच मिळालेले नसतात. म्हणून विचारायचा तो मध्यक, म्हणजे मीडियन. या उदाहरणात तो चार लाख येतो आणि तोच खरं चित्र दाखवतो. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असं कुणी म्हटलं तर टक्केवारी कशाची, हे विचारा. सगळ्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांची, की फक्त प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्यांची?

ही माहिती मिळवायला कुणाची ओळख लागत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांनी भरलेली आकडेवारी त्याच संकेतस्थळावर खुली असते. किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि मध्यक पगार किती, हे त्यात दिलेलं असतं. आकडे संस्थेनेच दिलेले असतात, हे लक्षात ठेवून वाचावेत. तरी रंगीत माहितीपत्रकापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतात.

‘क्रमवारीत वर म्हणजे माझ्या ब्रँचसाठी चांगलं’

एनआयआरएफची पहिली क्रमवारी 2016 मध्ये आली. इंजिनिअरिंगच्या क्रमवारीत सध्या अध्यापन व साधनांना 30 टक्के, संशोधनाला 30 टक्के, विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढच्या वाटचालीला 20 टक्के, सर्वसमावेशकतेला 10 टक्के आणि संस्थेच्या प्रतिमेला 10 टक्के भार आहे. संशोधनाचे शोधनिबंध भरपूर असले म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मुलाला थर्मोडायनॅमिक्स नीट शिकवलं जातंच असं नाही. मूल्यांकनातही असाच घोटाळा होतो. नॅकची श्रेणी पूर्ण संस्थेला मिळते, एनबीएची मान्यता मात्र एकेका अभ्यासक्रमाला असते. तुम्हाला हवी ती ब्रँच एनबीएमान्य आहे का, हे वेगळं पाहावं लागतं.

‘जवळचं म्हणजे दुय्यम’

पुण्याचं सीओईपी 1854 चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. त्यांचा दबदबा कमावलेला आहे. पण सांगलीचं वालचंद कॉलेज 1947 पासून अभियंते घडवतंय. कराड आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं 1960 ची, अमरावतीचं 1964 चं. नांदेडला 1981 पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. या गावांतल्या मुलाला चांगली सरकारी किंवा अनुदानित संस्था घराशेजारी आहे आणि तिला दुय्यम मानण्याचं काही कारण नाही.

नागपूरचं व्हीएनआयटी तर राष्ट्रीय संस्था, म्हणजे एनआयटी, आहे. एनआयटींमध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. त्यामुळे परराज्यातल्या एनआयटीपेक्षा आपल्याच राज्यातल्या एनआयटीत जास्त चांगली ब्रँच मिळण्याची शक्यता अनेकदा असते. राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतही होम युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी जागांचा मोठा वाटा असतो. तो सोडून देण्याआधी दोनदा विचार करावा.

‘लांबचं महाग, जवळचं स्वस्त’

या समजुतीमुळे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. खर्च अंतराने ठरत नाही. संस्था सरकारी आहे की खासगी, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या कॅप राऊंडमधून झाला की व्यवस्थापन कोट्यातून, आणि घराचं उत्पन्न किती, यावर तो ठरतो. घराजवळच्या खासगी विद्यापीठात चार वर्षांत जेवढी फी जाते, त्यात दूरच्या सरकारी कॉलेजची फी, होस्टेल आणि मेस मिळून भागू शकतं.

आयआयटीचं वार्षिक शिक्षणशुल्क दोन लाख रुपये ऐकून अनेक पालक माघार घेतात. पण अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना हे शुल्क पूर्ण माफ असतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर कुणालाही ते पूर्ण माफ असतं आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ होतं.

दुसऱ्या बाजूने, राज्याबाहेर पडताना काय सुटतं तेही पाहायला हवं. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणशुल्कात निम्मी सवलत मिळते. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क शंभर टक्के राज्य सरकार भरतं. अट अशी की प्रवेश राज्यातल्या कॉलेजात आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला, खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. होस्टेल आणि मेसही यात येत नाही. परराज्यातल्या ‘नामांकित’ खासगी विद्यापीठाकडे निघालेल्या घरांनी हा हिशेब मांडून पाहावा.

कर्जासाठी जमीन गहाण टाकावीच लागते, असंही अजून समजलं जातं. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार नसतानाही शैक्षणिक कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि सवलतीच्या काळात, व्याजात तीन टक्के सूटही आहे. ज्या संस्थेसाठी कर्ज काढताय तिचं नाव या यादीत आहे का, एवढं पाहिलं तरी संस्थेची थोडी पारख होते.

‘मुलीसाठी जवळचंच बरं’

हे वाक्य काळजीपोटी बोललं जातं. पण त्याची किंमत मुलगी मोजते. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की प्रवासातल्या छेडछाडीच्या भीतीमुळे मुली, चांगल्या कॉलेजचे गुण असूनही, सुरक्षित रस्त्यावरचं कमी दर्जाचं कॉलेज निवडतात. मुलांना असं करावं लागत नाही.

खरी जोखीम कशात आहे, हे शांतपणे पाहिलं पाहिजे. तीस-चाळीस किलोमीटरवरचं कॉलेज आपण ‘जवळचं’ म्हणतो. मग मुलगी रोज एसटीने अप-डाऊन करते. संध्याकाळची गाडी चुकली की स्टँडवर ताटकळते. शेवटचं प्रॅक्टिकल, ग्रंथालय, प्लेसमेंटची तयारी हे सगळं तिच्या हातून सुटतं. एसटीत महिलांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, पण त्यामुळे प्रवासाचे तास कमी होत नाहीत. त्याऐवजी कॅम्पसवर मुलींचं होस्टेल असलेलं दोनशे किलोमीटरवरचं कॉलेज जास्त सुरक्षित ठरू शकतं. म्हणून कॉलेजला विचारायचं ते हे: पहिल्या वर्षाच्या किती मुलींना होस्टेल मिळतं? ते कॅम्पसच्या आत आहे का? चारही वर्षं मिळतं का? उत्तर ‘बाहेर पेइंग गेस्ट मिळेल’ असं आलं, तर तो भाग प्रत्यक्ष जाऊन पाहावा, शक्यतो अंधार पडल्यावर.

‘ऑप्शन फॉर्ममध्ये न मिळणारं कॉलेज वर टाकलं तर मिळणारंही हुकतं’

हुकत नाही. जागावाटप गुणवत्ताक्रमाने होतं. वरची पसंती मिळाली नाही की खालची तपासली जाते आणि वर काय लिहिलं होतं याचा खालच्या जागेवर काही परिणाम होत नाही. उलट धोका दुसरीकडे आहे. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की धरली जाते. म्हणून ‘आधी हे मिळवू, मग बदलू’ अशा हिशेबाने जवळचं कॉलेज पहिलं लिहू नये. खरोखर जे हवं तेच पहिलं लिहावं. फेऱ्यांचे बाकीचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

‘एकदा फी भरली की अडकलो’ हेही खरं नाही. शुल्कपरताव्यासाठी यूजीसीचे नियम आहेत. 2018 च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत.

‘आत्ता चुकलं की आयुष्य चुकलं’

अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर 1965 मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झाले. तिथून ते बडोद्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले आणि 1972 मध्ये आयआयटी दिल्लीतून पीएचडी झाले. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक तयार झाला. आधी विदर्भातलंच कॉलेज, मग जरा लांबचं, मग देशातलं सर्वांत नावाजलेलं. ही वाट आजही खुली आहे. गेट परीक्षेवर आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळतो, विद्यावेतनही मिळतं आणि कितीतरी सार्वजनिक कंपन्या त्याच गुणांवर भरती करतात. गेटला पदवी कुठल्या कॉलेजची हे विचारत नाहीत.

माझा सल्ला असा आहे. चांगल्या सरकारी संस्थेत हव्या त्या ब्रँचची जागा मिळत असेल आणि घरातून मुलाला पुढची वाट दाखवणारं कुणी नसेल, तर अंतर बघू नका, पाठवा. फक्त नावासाठी दूरच्या खासगी विद्यापीठात मोठं कर्ज काढून जायचं असेल आणि घराजवळ बरं सरकारी कॉलेज मिळत असेल, तर जवळचं घ्या. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी दोन्ही कॉलेजांत मुलाला घेऊन एकदा जा, तिसऱ्या वर्षातल्या चार विद्यार्थ्यांशी बोला, आणि शेवटचा शब्द, जिथे चार वर्षं राहायचं आहे, त्या मुलाला किंवा मुलीला बोलू द्या.