शब्द आधी, समज नंतर

गॅदरिंगमध्ये हौसेने नाचणाऱ्या किंवा मुलींच्या घोळक्यात रमणाऱ्या मुलाला 'बायल्या' म्हणायला आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. चौथी-पाचवीतली पोरेही हा शब्द सराईतपणे फेकतात. थोडी मोठी झाली की 'छक्का' येतो, मग 'गे'. केस बारीक कापून क्रिकेट खेळणाऱ्या मुलीला 'पुरुषी' ठरवले जाते. अर्थ विचारा, एकालाही धड सांगता येणार नाही. शब्द आधी येतो, समज नंतर. पुष्कळदा ती येतच नाही.

या शब्दाचा घाव दोघांना बसतो. एक, ज्याला उद्देशून तो उच्चारला त्याला. दुसरा त्याच बाकावर गप्प बसलेला असतो. त्याच्याविषयी कोणाला शंकाही नसते. आपले मन वेगळे आहे हे त्याला नुकते कुठे उमगू लागलेले असते आणि ते बोललो तर काय होईल, हेही त्याला त्याच क्षणी कळते. तो इतरांबरोबर हसतो. घरी आल्यावर टीव्हीवर साडी नेसलेल्या पुरुषाची टिंगल चालू असते आणि बाबाही खदखदून हसत असतात. मग हे मूल घरात तरी कोणाशी बोलणार?

म्हणून आधी मोठ्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला हव्यात. एखाद्याची चालण्या-बोलण्याची ढब ही एक गोष्ट. मनातून आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत की यांपैकी कोणीच नाही, ही जाणीव दुसरी. आणि ओढ कोणाविषयी वाटते, ही तिसरी. नाजूक बोलणारा मुलगा समलिंगी असेलच असे नाही. पिळदार दंडाचा पैलवान नसेलच असेही नाही. आपली शेलकी विशेषणे मात्र या तिन्ही गोष्टी एकाच पोत्यात कोंबतात.

हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला, हेही खरे. पण शाळेच्या मैदानावर निकालपत्रे कोण वाचतो? तिथे चालते ती घरून आलेली भाषा.

ही भाषा मोठ्या वयातही बदलता येते. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींबरोबर राहण्यासाठी चेन्नईला आल्या. पालकांनी त्या बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवली. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून मुली मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी या विषयाची आपल्याला पुरेशी समज नाही, हे मोकळेपणाने मान्य केले आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर शिकायला बसले. मगच जून २०२१ मध्ये त्यांनी सविस्तर आदेश दिला. याच प्रकरणातून पुढे २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने अशा व्यक्तींना सन्मानाने संबोधण्यासाठी शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली.

मराठीला हा मोकळेपणा नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि लोकांच्या लैंगिक शंकांना न लाजता उत्तरे दिली. त्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले.

घरी काय करावे? जेवताना मुलीने 'गे म्हणजे काय?' असे विचारले, तर 'हे कुठून शिकलीस?' म्हणून डोळे वटारू नयेत. काही पुरुषांना पुरुषांविषयी आणि काही स्त्रियांना स्त्रियांविषयी प्रेम वाटते, एवढे एक वाक्य पुरे. मुलाने कोणाला 'छक्का' म्हटले, तर थोबाडीत मारण्यापेक्षा त्या शब्दाने काय होते ते समजावून सांगावे. 'समलिंगी', 'तृतीयपंथी' हे शब्द कुजबुजत नव्हे, नेहमीच्या आवाजात उच्चारावेत.

आणि आपलेच मूल एखाद्या रात्री 'मी तसा आहे' म्हणाले तर? ज्योतिषी नको, घाईघाईत उरकलेले लग्न नको, 'सुधारून देतो' म्हणणारा डॉक्टर तर नकोच. असे 'उपचार' करणे हे वैद्यकीय व्यवसायातले गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. आई-वडिलांना धक्का बसेल, रडूही येईल. त्यांनाही वेळ लागणारच. पण त्या रात्री मुलाला कळायला हवे ते एवढेच, की या घरातले त्याचे ताट कोणी उचललेले नाही.