जनावरांचं शिक्षण घ्यायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

मागे एकदा तलासरीकडच्या एका गटाच्या मासिक सभेला गेले होते. हप्ते झाले, बचत झाली, आणि मग एका ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी मांडली. तीस हजार रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीला जनावरांच्या डॉक्टरचा कोर्स करायचाय." मुलगी बारावी आर्ट्स झालेली. मोबाइलवर जाहिरात पाहिली होती, सहा महिन्यांत प्रमाणपत्र, घरबसल्या अभ्यास, नंतर स्वतःचा दवाखाना. गटात दोन बाजू पडल्या. एक म्हणे, शिक्षणाला नाही म्हणायचं नसतं. दुसरी म्हणे, तीस हजार म्हणजे आपली सगळ्यांची दोन-तीन वर्षांची बचत. मला विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, की पुढच्या सभेपर्यंत थांबा, चौकशी करते. त्या चौकशीत जे कळलं ते इथे लिहिते, कारण अशी मागणी उद्या तुमच्याही गटात येईल.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या देशात 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्याच्या कलम 30 प्रमाणे जनावरांवर उपचार करायचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच आहे. काही किरकोळ कामं दुसऱ्या प्रशिक्षित माणसांना करता येतात, पण तीही सरकारने परवानगी दिली असेल तर आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. त्यामुळे सहा महिन्यांच्या घरबसल्या कोर्सवर कोणी "डॉक्टर" होत नाही. दवाखान्याचा बोर्ड लावला, कोणाची म्हैस दगावली, तर ती मुलगी अडचणीत येईल, कोर्सवाले नाही.

आम्ही त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. मी एवढंच विचारलं, "तुमचा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाचा किंवा कुठल्या सरकारी मंडळाचा?" समोरच्या बाईंनी तीनदा फीचे हप्ते सांगितले, मंडळाचं नाव एकदाही सांगितलं नाही. तुम्हीही हाच प्रश्न विचारा. शिवाय विचारा की प्रत्यक्ष जनावरांवर हात बसवायला किती दिवस मिळणार, आणि तुमच्याकडे शिकलेली एखादी मुलगी सध्या कुठे काम करते, तिच्याशी बोलता येईल का.

मग खरे रस्ते कुठले? सगळ्यात लांबचा रस्ता पदवीचा. साडेपाच वर्षं, त्यातलं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. त्याला बारावी सायन्स लागते, जीवशास्त्र लागतं आणि नीटची परीक्षा द्यावी लागते. आपल्याला जवळ म्हणजे मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1886 पासूनचं. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात येतं. याच विद्यापीठाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. तालुक्याच्या दवाखान्यात जे पशुधन पर्यवेक्षक असतात, त्यातले बरेच जण अशीच पदविका घेतलेले. त्या त्या वर्षी पात्रता काय, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघायचं, एजंटला विचारायचं नाही. आदिवासी मुलामुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी स्वयं योजना आहे. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी होते. त्या ताईंची धाकटी मुलगी नववीत आहे. मला वाटतं हा परिच्छेद मोठीपेक्षा तिच्यासाठी जास्त कामाचा, कारण सायन्स घ्यायचं की नाही हे दहावीनंतर ठरतं आणि तेव्हा घरात कोणी याचा विचारच करत नाही.

शहरात कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालणं, केस कापणं, नखं कापणं याचंही काम आहे, त्याला ग्रूमिंग म्हणतात. हसू नका, मुंबईत लोक त्याला चांगले पैसे देतात. पण ते काम शहरातच चालतं. मुलगी तिथे राहणार कुठे, याचा हिशेब आधी करावा लागतो.

आता आपल्या पाड्यावरचा रस्ता, पशुसखीचा. उमेद, म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, यात ग्रामसंघ आपल्यातलीच एक बाई निवडतो आणि तिला प्रशिक्षण मिळतं. फी नाही. पुढे केंद्राच्या पशुसंवर्धन आणि ग्रामविकास खात्यांनी मिळून ए-हेल्प नावाचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यात निवडक पशुसखींना सरकारी दवाखान्याशी जोडतात, म्हणजे लसीकरणाला मदत, कानातल्या बिल्ल्याची नोंद, विम्याची माहिती असं काम. शेळीपालन, कोंबडीपालन शिकायचं तर कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि आरसेटीमध्ये राहून-जेवून मोफत प्रशिक्षण होतं.

"यात शिकायचं काय, बकऱ्या तर आम्ही लहानपणापासून वळतो," असं एक आजी मला म्हणाल्या. खरं आहे. मी समाजकार्याची पदवी घेऊन आले तेव्हा मला बकरीच्या तोंडाकडून सुरुवात करायची की शेपटीकडून हेही माहीत नव्हतं. पण त्याच आजींच्या चार शेळ्या पहिल्या पावसात आठवड्याभरात गेल्या होत्या, आणि त्या म्हणत होत्या, नजर लागली. पशुसखी काय शिकते ते थोडं सांगते.

शेळीच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून आत बघायचं. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर रक्त कमी, आणि बहुतेक वेळा पोटात रक्त पिणारे जंत. डाव्या कुशीत मूठ दाबून धरायची; दोन मिनिटांत पोट दोन-तीनदा हाताला ढकललं पाहिजे. नाही ढकललं तर रवंथ बंद आहे. थर्मामीटर गुदद्वारात लावायचा. शेळीचा ताप साधारण 102 ते 103 असतो, तो आपल्याला ताप वाटेल पण तिचा तो नेहमीचा. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर जंत किंवा यकृतातले चपटे कृमी. आपल्याकडे भातखाचरं आणि डबकी आहेत, तिथल्या गोगलगायींतून हे कृमी गवतावर येतात. म्हणून पाणथळ बांधावर शेळ्या सोडू नका म्हणतात. जंताचं औषध पावसाआधी आणि पावसानंतर, शेळीच्या वजनाप्रमाणे. पण नुकत्याच गाभण शेळीला अल्बेंडाझोल द्यायचं नाही, पिल्लाला धोका असतो. मेडिकलवाला हे विचारत नाही, पशुसखी विचारते.

खुरांचंही आहे. पावसात कुडाच्या गोठ्यात चिखल, खूर मऊ होतो, वाढतो, आत घाण अडकते आणि शेळी लंगडते. धारदार चाकूने थोडं थोडं कापायचं, गुलाबी दिसू लागलं की थांबायचं. मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवतात, पण ते पाणी शेळीने प्यायला नको, विष आहे.

पिल्लू जन्मलं की नाळेला टिंक्चर आयोडीन, आणि पहिल्या तासाभरात चीक. अजूनही काही घरांत पहिला चीक काढून टाकतात, "पचत नाही" म्हणून. पिल्लाची पहिली रोगप्रतिकारशक्ती त्या चिकातच असते. आणि गर्भपात झालेल्या शेळीला उघड्या हाताने हात लावू नका. वार, मेलेलं पिल्लू खोल पुरा. असे काही रोग माणसालाही होतात, गरोदर बाईने तर तिथे जाऊच नये.

आजींच्या शेळ्या कशाने गेल्या हे आता कळायचा मार्ग नाही. पण पहिल्या पावसाचं कोवळं गवत भरपूर खाल्लं की आंत्रविषार होतो, धडधाकट शेळी सकाळी मेलेली सापडते. त्याची लस पावसाआधी द्यावी लागते, पहिल्यांदा देताना दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा डोस. म्हणजे मे महिन्यातच सुरुवात. आपल्याकडे दिवाळीनंतर निम्मं घर वीटभट्टीवर जातं आणि शेळ्या आजीकडे राहतात. तेव्हा निरोप आजीला द्यायला हवा, सुनेला नाही. हे मला कळायला एक पावसाळा लागला. पीपीआरची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. ही लस सुरुवातीपासून बर्फात ठेवावी लागते, आणि बाटली एकदा फोडली की थोड्या वेळातच वापरावी लागते. पाच शेळ्यांसाठी बाटली फोडता येत नाही. सगळ्या पाड्याच्या शेळ्या एकाच सकाळी एका जागी आणाव्या लागतात.

पशुसखी इंजेक्शनने रोग बरे करत नाही, हे गटात नीट सांगा. शेळी आडवी पडली, पिल्लू अडलं, तोंडातून लाळ गळतेय, तर 1962 या नंबरवर फोन करायचा किंवा दवाखाना. लवकर ओळखणं आणि वेळेत फोन करणं, हे तिचं काम.

पैशाचं खरं सांगते. यात महिन्याचा ठरलेला पगार समजू नका. समजा ग्रामसंघाने एका शेळीला जंताचं औषध पाजायचे दहा रुपये ठरवले आणि दोनशे शेळ्या झाल्या, तर दोन हजार, तेही वर्षातून दोनदा. खुरं, गोचीड, शेळी विक्रीच्या वेळी वजन, असं करत करत वाढतं. अडचण अशी की ओळखीच्या बाईला पैसे द्यायला सगळ्यांनाच जड जातं. "आपलीच पोर ना" म्हणतात. म्हणून दर ग्रामसंघाच्या ठरावात लिहा आणि पैसे सभेत गोळा करा. आणि निवडताना शिक्षण एवढंच बघू नका. मी एकदा मार्कशीट बघून नाव सुचवलं होतं, ती मुलगी लग्न होऊन गेली आणि पेटी तशीच पडून राहिली. जिच्या स्वतःच्या दारात शेळ्या आहेत, जिला पाड्यात कोणाच्याही गोठ्यात शिरता येतं, ती बघा. सातवी झालेली चालते, डोस वाचता आला पाहिजे.

पुढच्या सभेत त्या गटाने तीस हजारांचं कर्ज दिलं नाही. ताई रागावल्या, मुलगी त्याहून जास्त. दोन महिन्यांनी ग्रामसंघाने तिचं नाव पशुसखीसाठी दिलं. गटाने तिला चार हजार दिले, त्यातून थर्मामीटर, वजनकाटा, बर्फाचा डबा आणि खुराची कात्री आली. पहिल्या लसीकरणाच्या सकाळी ती, मी आणि दवाखान्यातले पर्यवेक्षक साडेसात वाजता वडाखाली उभे होतो. साठ शेळ्या येणार होत्या, नऊपर्यंत एकोणीस आल्या. ती पर्यवेक्षकांना "थोडं थांबा, बाटली फोडू नका" म्हणाली आणि घरोघर पळाली. साडेदहाला त्रेचाळीस झाल्या. त्या आजी सगळ्यात शेवटी आल्या, एक शेळी दोरीला आणि एक पिल्लू काखेत.